सोपी मुलूखगिरी : नवशिक्यांसाठी गाइड, स्वाध्यायासह

वर्ध्यात बजाज चौकापासून आर्वी नाक्यापर्यंत चालत गेलात तर पोलीस भरतीचा क्लास दिसेल, तलाठी भरतीचा दिसेल, इंग्रजी बोलायला शिकवणाराही दिसेल. मुलूखगिरी शिकवणारा मात्र एकही नाही. एवढा जुना, एवढा नावाजलेला धंदा आणि त्याला साधं गाइड नसावं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. ती उणीव इथे भरून काढली आहे.

मुलूखगिरी म्हणजे दुसऱ्याच्या गावी न बोलावता जाणं आणि तिथला हिशेब आपल्या हातात घेणं. स्पेनमध्ये हा धंदा करणाऱ्याला 'कोन्किस्तादोर' म्हणतात. त्यांचे दोन मोठे गुरुजी: १५२१ मध्ये मेक्सिको घेणारा एर्नान कोर्तेस आणि १५३२ मध्ये पेरूच्या राजाला धरणारा फ्रान्सिस्को पिझारो. आपल्या भागातले गुरुजी म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक, पहिले रघुजी भोसले, सेनासाहेबसुभा. वर्धा जिल्हा तेव्हा जिल्हा नव्हता आणि आजच्या वर्धा शहराच्या जागी पालकवाडी नावाचं खेडं होतं. पण धाम, बोर आणि वेणा तेव्हाही इथूनच वाहत होत्या, आणि त्यांच्या काठचा सारा रघुजींच्या खजिन्यात जात होता.

व्याकरणाची एक सूचना. या गाइडात रघुजींना 'ते' म्हटलं आहे आणि कोर्तेस, पिझारोला 'तो'. आपला असला की 'ते', परका असला की 'तो', हा मुलूखगिरीचा पहिला नियम आहे. बंगालीत भाषांतर करणाऱ्याने दोन्हीकडे 'तो' करावं.

पाठ १ : जन्म कुठे घ्यावा

कोरडवाहू मुलखात घ्यावा. कोर्तेस आणि पिझारो दोघेही स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतातले. ऊन कडक, जमीन हलकी, वाटण्या झाल्या की हातात फारसं काही उरत नाही. असा मुलगा गावात राहिला तर पारावर बसतो आणि बाहेर पडला तर साम्राज्य बुडवतो. या पात्रतेत आपले विद्यार्थी मुळीच कमी पडणार नाहीत.

रघुजींचं घराणं हिंगणीकर भोसल्यांचं. सेलू तालुक्यातल्या वाचकांनी लगेच छाती फुगवू नये. ही हिंगणी बोर धरणाजवळची नव्हे, पुण्याकडची. वडील बिंबाजी. वजनदार माणूस घरात होता, पण तो चुलता: कान्होजी भोसले, वऱ्हाडचे सेनासाहेबसुभा, मुक्काम यवतमाळकडचं भाम. रघुजी त्यांच्याकडे राहिले. वारसा दिसत असावा, पण हाताला लागू नये, अशी ही जागा. धंद्याला याहून चांगली सुरुवात नाही.

पाठ २ : उमेदवारी

पुढे कान्होजींना मुलगा झाला आणि पुतण्याचं पान वाढायला उशीर होऊ लागला. रघुजी बाहेर पडले. त्यांनी थोडे स्वार जमवून काही दिवस एलिचपूरच्या नवाबाकडे आणि देवगडच्या गोंड राजाकडे, चाँद सुलतानाकडे चाकरी केली. नवशिक्यांनी इथे खूण करून ठेवावी. ज्याचं राज्य पुढे घ्यायचं आहे, त्याच्याकडे आधी नोकरी करावी. कोठार कुठे आहे, किल्ल्याची कोणती भिंत खचली आहे, कोणता भाऊ कोणाशी बोलत नाही, ही माहिती पगारासह मिळते.

तिथून ते साताऱ्याला गेले. शिकारीत वाघापासून शाहू महाराजांचा जीव वाचवला, असं सांगतात. मग राणीच्या नात्यातल्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. शौर्य आणि सोयरीक एकाच अर्जाला जोडली की काम अडत नाही. चुलत्याचं सेनासाहेबसुभापद पुतण्याला मिळालं आणि बेबनाव करणाऱ्या चुलत्याला धरून आणायचं कामही. रघुजींनी कान्होजींना वणीजवळ गाठलं आणि साताऱ्याला पाठवलं. ते उरलेलं आयुष्य तिथेच कैदेत होते.

कोर्तेसनेही हाच पाठ गिरवला. क्यूबाच्या गव्हर्नरने त्याला मोहिमेवर नेमलं आणि मग संशय येऊन नेमणूक मागे घेतली. कोर्तेसने हुकूम हातात पडण्याआधीच शिडं उभारली. पहिली मोहीम नेहमी आपल्याच वरिष्ठावर असते.

पाठ ३ : साहित्य

घोडा: कोर्तेस १५१९ मध्ये निघाला तेव्हा त्याच्याकडे १६ घोडे होते. पिझारोकडे १६८ माणसं आणि ६२ घोडे. ज्यांनी घोडा कधी पाहिलाच नव्हता, त्यांना एवढे पुरले. आपल्याकडे घोडा सगळ्यांनी पाहिलेला, म्हणून तो पुष्कळ लागतो. स्वतःच्या घोड्यावर येतो तो शिलेदार. सरकारच्या घोड्यावर येतो तो बारगीर. उमेदवाराने बारगीर म्हणून सुरुवात करावी. घोडा मेला तर नुकसान सरकारचं.

कागद: हा घोड्यापेक्षा महत्त्वाचा. स्पेनच्या दरबाराने १५१३ मध्ये एक जाहीरनामा करून दिला होता. त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करून शेवटी सांगितलं होतं की, शरण या, नाहीतर जे होईल ते तुमच्याच दोषाने होईल. तो स्पॅनिशमध्ये वाचायचा, समोरच्याला कळो न कळो. कधीकधी तर ओस पडलेल्या झोपड्यांसमोर वाचला जाई. कारवाई मात्र नियमानुसार झाली. तहसीलच्या भिंतीवर इंग्रजीत नोटीस डकवलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पद्धत अवघड वाटणार नाही.

आपला कागद चौथाईचा. १७१९ मध्ये दिल्लीच्या बादशहाने दख्खनच्या सहा सुभ्यांवर मराठ्यांचा चौथाई आणि सरदेशमुखीचा हक्क मान्य केला. बंगाल या सहांत नव्हता. पण कागदाचं असं असतं की तो एकदा खिशात असला म्हणजे त्यात काय लिहिलं आहे ते कोणी विचारत नाही.

तलवार: परदेशी पात्याची घ्यावी. आपल्याकडे युरोपी पात्याच्या तलवारीला फिरंग म्हणतात. रघुजींची तशीच होती. ती पुढे पाठ ८ मध्ये परत येते.

पाठ ४ : भाऊबंदकी शोधावी

हा पाठ परीक्षेला हमखास येतो. बाकीचे वगळले तरी चालतील.

कृती: एक भरलेलं राज्य घ्यावं. राजा नुकताच वारलेला असावा. भाऊ दोन असावेत, तीन असल्यास उत्तम. मंद आचेवर ठेवावं. बोलावणं आपोआप येतं.

देवगडचं गोंड राज्य साधं नव्हतं. नागपूर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंदाने. त्याच्या मुलाने, चाँद सुलतानाने, राजधानी तिथे आणली आणि शहराला तट घातला. चाँद सुलतान वारला आणि बख्त बुलंदाचा दासीपुत्र वली शाह गादीवर बसला. चाँद सुलतानाची विधवा राणी रतनकुंवर हिला आपल्या मुलांचा हक्क हवा होता. तिने रघुजींना हाक मारली. रघुजी आले, वली शाह मारला गेला आणि बुऱ्हाण शाह व अकबर शाह ही भावंडं गादीवर बसली. लाखांच्या घरातली बिदागी आणि काही परगणे घेऊन रघुजी सज्जनासारखे निघून गेले.

नवशिके इथे चुकतात. त्यांना वाटतं, संधी गेली. गुरुजी थांबतात. दोन भाऊ एका गादीवर किती दिवस बसणार? काही वर्षांतच बुऱ्हाण आणि अकबराचं जुंपलं आणि रघुजींना दुसऱ्यांदा बोलावणं आलं. अकबर शाह हैदराबादेकडे पळाला. बुऱ्हाण शाहचं राजेपद, मान आणि नेमणूक शाबूत राहिली. राज्य तेवढं रघुजींकडे आलं. बुऱ्हाण शाहच्या वंशजांकडे राजा हा किताब कायम राहिला आणि नागपुरात गोंडराजाचा किल्ला अजूनही त्या नावाने ओळखला जातो. नाव तुमचं, सारा आमचा.

पिझारोची वही उघडली तर अक्षर तेच. पेरूत वास्कार आणि अतावाल्पा हे दोघे भाऊ गादीसाठी लढत होते. अतावाल्पा जिंकला आणि त्याच सुमाराला पिझारो दारात आला. कहामार्काच्या चौकात त्याने अतावाल्पाला भेटीला बोलावलं आणि धरलं. सुटकेसाठी खोलीभर सोनं घेतलं आणि तरीही ठार मारलं. मग घराण्यातलाच दुसरा एक जण नामधारी राजा केला. पिझारोला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण या धंद्याला त्याची गरज पडत नाही.

पाठ ५ : वसुलीचं गणित

स्पेनच्या राजाचा वाटा पाचवा. लुटीतून पंचमांश काढून ठेवायचा, उरलेलं आपसांत वाटायचं आणि वाटताना भांडायचं. आपला वाटा चौथा. वर सरदेशमुखीचे दहा टक्के. शंभर रुपये साऱ्यावर पस्तीस. खुद्द चौथाईचेही पुढे तुकडे: राजाची बाबती वेगळी, सरदाराचा मोकासा वेगळा, सहोत्रा वेगळा. लूट सगळेच करतात. लुटीची खतावणी इतक्या निगुतीने ठेवणं आपल्यालाच जमलं.

चौथाई ही कल्पना वर्धेकरांना नवी नाही. केळझरला लोक एकचक्रानगरी म्हणतात. तिथला बकासूर गाडाभर अन्न, बैल आणि एक माणूस एवढ्यावर गाव राखत असे, अशी कथा आहे. हप्ता ठरलेला, पाळी ठरलेली, पावती नाही.

रघुजींनी हे गणित बंगालात सोडवलं. त्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालात उतरले. मुर्शिदाबादेत जगतशेठ या बड्या सावकाराची कोठी लुटली गेली. नवाब अलीवर्दी खान दहा वर्षं या घोडदळामागे धावत होता. शेवटी १७५१ मध्ये तो दमला. वर्षाला बारा लाख रुपये चौथाई ठरली, ओडिशा भोसल्यांच्या हाताखाली आला आणि सुवर्णरेखा नदी सीमा झाली. त्याच वर्षी इकडे चांद्याचं गोंड राज्यही घेऊन झालं. रतनपूर आधीच ताब्यात होतं. वर्धेपासून बंगालच्या उपसागरापर्यंत एकाच हिशेबाची वही.

पाठ ६ : पाहुणचार आणि त्यातले धोके

पाहुणचाराचे दोन प्रकार.

पहिला बाटलीतला. १७४० मध्ये रघुजी कर्नाटकात उतरले. दमलचेरीच्या घाटात नवाब दोस्त अली पडला, पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली घेतली आणि नवाबाचा जावई चंदासाहेब कैदी झाला. नवाबाच्या घरची माणसं आणि जवाहीर पाँडिचेरीत फ्रेंचांच्या आश्रयाला होतं. रघुजींनी ते मागितलं. फ्रेंच गव्हर्नर द्यूमाने नकार दिला आणि वर उंची मद्याच्या काही बाटल्या भेट पाठवल्या. असं सांगतात की ते पेय रघुजींच्या राणीसाहेबांना फार आवडलं, आणखी बाटल्या मागवल्या गेल्या आणि खंडणीचा विषय मागे पडला. मोहीम कुठल्या टेबलावर विरघळेल, सांगता येत नाही.

दुसरा प्रकार तंबूतला. १७४२ मध्ये भास्करराम काटव्याला दुर्गापूजेत रमले असताना अलीवर्दीने छापा घातला. पूजा अर्धी राहिली. त्यानंतरही ते पुन्हा बंगालात आले. ३१ मार्च १७४४ रोजी मानकऱ्याला तहाच्या बोलणीसाठी बोलावणं आलं. भास्करराम वीसहून अधिक सरदारांना घेऊन नवाबाच्या तंबूत गेले आणि एकही जण बाहेर आला नाही. रघुजी गायकवाड नावाचे एक सरदार छावणीतच थांबले होते. ते वाचले आणि फौज घेऊन परतले. कहामार्काच्या चौकाचा हाच धडा आहे, फक्त इथे पाहुण्याची जागा बदलली.

आणखी एक धोका: खरा प्रतिस्पर्धी आपल्याच भाषेत बोलतो. १७४३ मध्ये अलीवर्दीच्या मदतीला धावले ते नानासाहेब पेशवे. त्यांनी २२ लाख रुपये घेतले आणि रघुजींना बंगालातून मागे रेटलं. शेवटी शाहू महाराजांनी दोघांना बसवून मुलूख वाटून दिले. त्या वाटणीच्या बैठकीला बंगालातून कोणालाही बोलावलं नव्हतं. कोर्तेसलाही मेक्सिकोत असताना पाठीमागून चाल करून आलेल्या स्पॅनिश फौजेशीच लढावं लागलं होतं.

पाठ ७ : लोक काय म्हणतील

आपले लोक पोवाडा करतील. तिकडचे अंगाई करतील. बंगालात आजही मुलांना निजवताना बारगीर आल्याची भीती घालतात. 'बर्गी' हा शब्द तिथे तुमच्या-आमच्या पणजोबांनी नेला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच सुमाराला 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. नाव वाचून मराठी माणसाने सत्काराला जाऊ नये. त्यात जळालेली गावं आहेत, पळणारी माणसं आहेत आणि बायकांवरचे अत्याचार आहेत. कलकत्त्याच्या इंग्रजांनी या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याला 'मराठा खंदक' असं नाव पडलं. तो कधी पुरा झाला नाही आणि पुढे बुजवून त्यावर रस्ता झाला.

या पाठावर विनोद करता येत नाही. विद्यार्थ्यांनी तो नुसता वाचावा.

पाठ ८ : निवृत्ती आणि बिल

पिझारोला १५४१ मध्ये लिमात त्याच्याच जुन्या भागीदाराच्या माणसांनी भोसकलं. कोर्तेस १५४७ मध्ये स्पेनमध्ये वारला. त्याची शेवटची वर्षं कोर्टकचेऱ्यांत गेली. रघुजी १७५५ मध्ये नागपुरात वारले. तिघांत निवृत्ती त्यांचीच बरी म्हणायची.

पण त्यांना चार मुलगे होते: जानोजी, मुधोजी, साबाजी, बिंबाजी.

पाठ ४ पुन्हा वाचावा. राजा नुकताच वारलेला, भाऊ तीनहून अधिक. आधी जानोजी आणि मुधोजीचं बिनसलं. जानोजींनंतर साबाजी आणि मुधोजीचं. १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या गोळीने साबाजी मेले. गोंडांच्या घरातली जी फट रघुजींनी दोनदा वापरली, तीच त्यांच्या वाड्यातून जात होती.

या वेळी बाहेरचा पाहुणा इंग्रज होता. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. रघुजींचे नातू, दुसरे रघुजी, यांनी ओडिशातला कटक प्रांत सोडला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही सोडला. पुलगावच्या पुलावरून पलीकडे पाहिलं तर दिसतं ते सारं एका सहीने गेलं. आता खर्च तेवढाच आणि उत्पन्न कमी. मग वसुली कुठून? अलीकडच्या काठावरून. दुसऱ्या रघुजींनी आपल्याच कास्तकारांना असं पिळलं की लोक त्यांना 'बडा बनिया' म्हणू लागले. त्यात पेंढारी येऊ लागले. गावोगावच्या मातीच्या गढ्या, ज्यांची पांढरी माती आपल्या आज्ज्या घर सारवायला आणत, त्या काळाच्या साक्षीदार आहेत. आजोबांनी बंगालात जी पद्धत चालवली, ती नातवाच्या काळात हिंगणघाट, देवळीच्या दाराशी आली. बंगालचं बिल वर्धेच्या वावरात फाडलं गेलं.

१८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. भोसल्यांचे दागिने, हत्ती, घोडे लिलावात गेले.

आणि तलवार? पहिल्या रघुजींची ती फिरंग २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती सोडवून आणली. पातं युरोपातलं, सोन्याची अक्षरं देवनागरी. युरोपातून आलं, युरोपात गेलं आणि परत येताना पैसे आपणच भरले. वसुलीच्या वहीतली ही शेवटची नोंद.

परिशिष्ट : सहाव्या हिश्श्याची पद्धत

ज्यांना घोडा परवडत नाही, त्यांच्यासाठी एक स्थानिक पद्धत आहे. पवनार हे जुनं ठाणं. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यात ते एक 'सरकार', म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, होतं. तिथे धाम नदीच्या काठी विनोबा भावे राहत. १९५१ मध्ये ते वर्ध्याहून पायी तेलंगणात गेले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली. मग तेरा वर्षं विनोबा देशभर चालत राहिले.

त्यांचा कागद सोपा होता. घरात पाच मुलं असतील तर मला सहावा धरा आणि माझा हिस्सा द्या. मराठ्यांनी चौथा मागितला, स्पेनच्या राजाने पाचवा, विनोबांनी सहावा. दुसऱ्याच्या घरात शिरायचं आणि भावांमध्ये बसायचं, हे पाठ ४ प्रमाणेच. फरक एवढाच की भाऊ भांडत असावेत अशी अट नव्हती.

चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन मिळाली. रघुजींनाही हेवा वाटावा. पण गाइडात खरं सांगावं लागतं. उद्दिष्ट पाच कोटी एकरांचं होतं. मिळालेल्यात दगडधोंडेही होते, काही दाते कागदावर उदार झाले आणि सातबाऱ्यावर विसरले, आणि बरीच जमीन वाटलीच गेली नाही. तरी या पद्धतीत एक गोष्ट घडली नाही. विनोबा येणार म्हणून कोणत्याही गावाने खंदक खणला नाही.

स्वाध्याय

१. 'आपण जातो ती मोहीम, दुसरे येतात ती धाड.' सोदाहरण स्पष्ट करा.

२. बंगालची बारा लाखांची चौथाई आणि एका तलवारीची ४७ लाखांची किंमत यांतून रघुजींचा निव्वळ नफा काढा. पाचगावची गोळी खर्चात धरा.

३. प्रात्यक्षिक. पवनारच्या आश्रमात जा. तिथे जमीन खणताना एक प्राचीन शिल्प मिळालं. विनोबांनी त्याला राम-भरत भेट मानलं आणि त्याची स्थापना केली. ते नीट पाहा. राज्यावरून तिथेही दोन भाऊ अडून बसले आहेत, पण एक म्हणतो तू घे आणि दुसरा म्हणतो तूच घे. मग घरी या. गेली कित्येक वर्षं धुऱ्याच्या चार हातांवरून ज्या भावाशी तुम्ही बोलत नाही, त्याला फोन लावा. कारण तुमच्या दाराशी कोणी मुलूखगीर आला, तर त्याने हे गाइड वाचलेलं असेल आणि तो थेट पाठ ४ उघडून आलेला असेल.